गाळलेली हाक

मी एक जुना रहाट आहे. मित्रांनो, तुम्ही मला पाहिले नसेल, पण माझी कुरकुर बहुधा ऐकली असेल. एका गाजलेल्या रहस्यपटाची सुरुवात माझ्या आवाजाने होते. पडदा काळाकुट्ट असतो आणि मी कुरकुरत असतो. लोक म्हणे तिथेच खुर्चीचा हात घट्ट धरतात.

ज्याने मला घडवले त्या बेटेगावच्या दामू सुताराने मात्र मी कुरकुरू नये म्हणून पंधरा दिवस घातले होते. सागाचे आरे तासले, लोखंडी कणा बसवला आणि कान लावून मला फिरवून पाहिले. "पोहरा वर येईल, पण शेजारच्याला कळणार नाय," असे तो अण्णांना म्हणाला होता. दांडी गावाच्या अलीकडे अण्णांची चिकूची वाडी होती. तिथल्या विहिरीवर मी बसलो. अण्णांच्या पत्नी विजयाबाई दर शनिवारी घरच्या खोबरेलाची वाटी घेऊन येत आणि कण्यावर धार धरत. मी लोण्यासारखा फिरत असे.

पाणी ओढायला बायडी होती. मासवणकडच्या डोंगरातून नवऱ्याबरोबर, जिव्याबरोबर, ती कामाला आली आणि वाडीच्या टोकाला झोपडी बांधून राहिली. अण्णांचा शैलेश तेव्हा रांगत होता. तो सारखा विहिरीकडे सरकायचा, म्हणून बायडी आपल्या जुन्या लुगड्याच्या पट्टीने त्याला माझ्या खांबाला बांधून ठेवी आणि पाणी ओढता ओढता त्याच्याशी बोले. त्याने पहिली पावले टाकली ती माझ्याच खांबाला धरून. ते दिवस मला अजून लख्ख आठवतात.

पुढे पंप आला. विजयाबाई गेल्या, मग अण्णाही गेले. मला तेल घालायचे ते एकट्या बायडीला आठवत असे.

आठ वर्षांपूर्वी शैलेशने वाडी सिनेमावाल्यांना चित्रणासाठी दिली. मे महिना होता आणि भर दुपार. दिग्दर्शकाने मला एकदा फिरवले आणि तोंड वाकडे केले.

"हा तर गप्पच आहे. मला याचा आवाज हवा."

त्यांच्या माणसांनी रॉकेलने माझा कणा धुतला, चिंध्यांनी कोरडा केला आणि वर चिमूटभर वाळू टाकली. मी किंचाळू लागलो. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतक्या वर्षांत मला पहिल्यांदा टाळ्या मिळाल्या, त्या अशा.

पोहऱ्यात दगड भरले, म्हणजे ओढणाऱ्या बाईच्या हाताच्या शिरा दिसतील. नटीचे हात मऊ होते. म्हणून हात बायडीचे घेतले.

"मावशी, दोर हाताला दोन वेढे देऊन धरा. फ्रेममध्ये छान दिसतं."

"दोर हाताला गुंडालीत नाय, सायेब," बायडी म्हणाली. "विहिरीवर कोनीच नाय गुंडालीत. आन् ह्यो कोरडा हाय. जरा तेल घालू दे."

दिग्दर्शकाने शैलेशकडे पाहिले. शैलेश हसला. "बायडी, ते सांगतात तसं कर ना. आज तू हिरॉईन आहेस."

तेरा वेळा तिने तो पोहरा ओढला. तापलेल्या दगडावर तिचे अनवाणी पाय होते. चौदाव्या वेळी माझा कणा अडकला आणि मी खांबातून अर्धा निसटलो. दगडांचा भार खाली गेला, दोर ताणला आणि बायडीचा हात वर खेचला जाऊन माझ्या आणि दोराच्या मध्ये सापडला. कोणी दोर धरून भार पेलला असता, तर हात त्याच क्षणी सुटला असता.

तिने तेच ओरडून सांगितले. "शैलेशभाव, दोर धर!"

शैलेश चार पावलांवर होता. पण दिग्दर्शकाने हात वर केला होता. कोणी हलायचे नाही, असा त्याचा अर्थ. शैलेश हलला नाही. अकरा सेकंदांनी "कट" ऐकू आले. तोवर तिची दोन बोटे गेली होती.

एका हाताने वाडीचे काम होईना. बायडी मासवणला परत गेली. मला शैलेशने बोईसरच्या एका महाविद्यालयाला भेट दिले. चित्रपट शिकवतात त्या वर्गात मी आता काचेच्या कपाटात असतो. माझी धूळ रोज पुसली जाते.

तिथे ज्ञानेश सर दरवर्षी तो प्रसंग दाखवतात आणि मुलांना एकेक तंत्र उलगडून सांगतात. "बघा, आधी आवाज, मग चित्र. ही रात्र खरी नाही. भर उन्हात चित्रण करून निळी केली आहे. आता फक्त हात. चेहरा दाखवलेलाच नाही, म्हणून भीती वाढते. आणि आता किंकाळी. कॅमेरा हलत नाही. अकरा सेकंद! याला म्हणतात संयम."

यंदा दुसऱ्या बाकावर दीपाली होती, बायडीची मुलगी. प्रसंग सुरू झाला की ती बाकाखाली हात घट्ट आवळून बसे. तिसऱ्यांदा दाखवला, तेव्हा ती उठली.

"सर, हे दाखवू नका ना. ती किंकाळी खरी आहे. माझ्या आईची आहे."

मुले वळून तिच्याकडे पाहू लागली. सरांचा चेहरा मात्र उजळला. "काय सांगतेस! अगं, मग आईला घेऊन ये. मुलांना किती शिकायला मिळेल!"

आईला समोर पाहिले की सर थांबतील, असे दीपालीला वाटले. म्हणून तिने बायडीला आणले. बायडीने तो सिनेमा कधी पाहिलाच नव्हता. ती दारातून आत आली, कपाटापाशी थांबली आणि मला बघून हसली.

"ह्याला हितं कशाला ठेवलाय, दीपा? हितं तर पानी पन नाय."

मुले हसली. कोणी मोबाईल उघडले. सरांनी दिवे मालवले. पडद्यावर मी कुरकुरलो, हात दिसले, मग ती किंकाळी. बायडी दचकली नाही. कान पुढे करून ऐकत राहिली.

"परत लावा," ती म्हणाली. सरांनी आनंदाने लावले.

"ह्याच्यात माजं बोलनं नाय," ती म्हणाली. "मी नुसती वरडले नव्हते. शैलेशभाव, दोर धर, असं बोलले होते. ते कुटं गेलं?"

"आये, चल," दीपाली म्हणाली. "सर, आता तरी बंद करा."

पण सरांनी टेबलावर थाप मारली. "वा, मावशी! मुलांनो, ऐकलंत? शब्द काढून टाकले आणि नुसता आवाज ठेवला. शब्द असता तर प्रेक्षकाला वाटलं असतं, कोणीतरी येईल. शब्द नाही, म्हणून कोणी येणार नाही. केवढं सूक्ष्म ध्वनिसंकलन! लिहून घ्या."

चाळीस माना खाली वळल्या. पेने चालू लागली. बायडी तीन बोटांचा हात पदराखाली घेऊन उभी राहिली. दीपालीने तिला धरून बाहेर नेले.

सहामाही परीक्षेत पाच गुणांचा प्रश्न आला: "सुरुवातीच्या प्रसंगातील किंकाळीचा परिणाम स्पष्ट करा." दीपालीने उत्तर लिहिले, "माझ्या आईची दोन बोटे." सरांनी माझ्यासमोरच पेपर तपासले. त्यांनी तिथे शून्य दिले आणि शेरा लिहिला, "उत्तर विषयाला धरून नाही."

मित्रांनो, माझी काळजी करू नका. लाकडाची निगा राखणारे पुष्कळ आहेत. तुमच्याकडे माझे एवढेच मागणे आहे. कोणी तुमचे नाव घेऊन हाक मारली, तर "कट" म्हणेपर्यंत थांबू नका.