वाळूतली पेटी

"दरवाजा बंद करो," अबू तारीक म्हणाले. केरूने रंधा खाली ठेवला आणि दिवाणखान्याचं दार ओढून घेतलं.

कोनाड्यात संगमरवरी बाई होती. नुसतं मस्तक आणि खांदे. नाकाचा शेंडा उडालेला, जाड वेणी डोक्याभोवती गुंडाळलेली. अबू तारीकांनी ती तरुणपणी बैरूतमध्ये घेतली होती. रोमन काळातली आहे, असं ते सांगत. पुढे तेलाचा पैसा आला, सौदीत अल-खोबरला समुद्राकाठी बंगला झाला, तेव्हा संगमेश्वरकडच्या या सुताराकडून त्यांनी हा सागवानी कोनाडा करून घेतला होता. पाहुणे आले की आतला दिवा लागायचा.

मग मक्केच्या मशिदीत गोळीबार झाला आणि सगळंच कडक झालं. कुणा पाहुण्याने बाहेर तोंड उघडलं. शनिवारी धर्मखात्याची माणसं येतील, त्याआधी ती फोडून टाका, असा निरोप आला.

अबू तारीकांनी मुंबईत मोत्यांचा व्यापार केला होता. केरूशी ते हिंदीत बोलत. "एक पेटी बनाओ. मजबूत. इस को तोड़ना मेरे से नहीं होगा." जरा थांबून म्हणाले, "तुम ना बोलेगा, तो भी ठीक. तुम्हारा इकामा, इधर रहने का परमिट, मैं बीच में नहीं लाएगा."

केरूने खिशातून टेप काढला.

ड्रायव्हर मोहियुद्दीन रत्नागिरीचा. अंगणात सागाच्या फळ्या कापल्या जाताना त्याने बघितलं आणि तो हादरला. "केरूभाऊ, हे काय चाललंय? तुम्ही हिंदू, वर मूर्ती लपवताय! पकडलं तर कोण ऐकून घेणार?"

"मूर्ती कसली? कुनाच्या तरी घरातली बाई असंल ती."

"म्हणून काय झालं?"

"आमच्या कारभारणीचा, बायजाचा फोटो मी तरी कुठं भिंतीला लावलाय? खोलीत आठ बाप्ये. पत्र्याच्या ट्रंकेत घालून ठेवलाय." केरू फळीवरून हात फिरवत राहिला. "फाडून तर टाकला नाय ना."

मोहियुद्दीनने खिशातली गाडीची किल्ली चाचपली. मग म्हणाला, "गाडी चालवीन. हात लावणार नाय."

शुक्रवारी दुपारी, सगळं गाव जेवून आडवं झालेलं असताना, ते रस्ता सोडून वाळूत शिरले. केरूने खड्डा खणला. पेटीत भुसा दाबून भरला होता. अबू तारीकांनी बाईच्या चेहऱ्यावर आपला स्वच्छ रुमाल पसरला आणि झाकण लावायला सांगितलं. दोघांनी पेटी उचलली, पण म्हाताऱ्याचा पाय वाळूत रुतला आणि पेटी कलंडली. "बिस्मिल्ला," असं पुटपुटत मोहियुद्दीनने धावत येऊन तिचा कोपरा धरला.

शनिवारी माणसं आली. रिकामा कोनाडा बघून कॉफी प्याली आणि गेली.

पाचसहा वर्षांनी अबू तारीक कामगारांच्या कॅम्पवर स्वतः आले. काठी टेकत होते. "चलो केरू. उस को देखने का है."

मोहियुद्दीनने गाडी नेली, पण वाळू कुठेच दिसेना. डांबरी रस्ते, एकसारख्या पांढऱ्या घरांच्या रांगा, भिंतींवरून डोकावणारी बोगनवेल. केरूने दोन गल्ल्या पायी पालथ्या घातल्या. एका चौकात थांबून तो म्हणाला, "इधरच होगा साब. नहीं तो उस घर के नीचे."

अबू तारीकांनी त्या घराकडे पाहिलं. आत कुणीतरी भांडी घासत होतं.

"लकडी टिकेगा?"

"सागवान है साब. रेत सूखी है. टिकेगा."

त्यांनी मान हलवली. मग चपला काढल्या आणि तापलेल्या फुटपाथवर अनवाणीच उभे राहिले. केरू त्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिला. मागे मोहियुद्दीनने गाडीचं इंजिन बंद केलं.