चौविहार पाळणारा बोकड

मित्रांनो, माझ्या कानातली ही पितळेची कडी पाहिलीत ना? तिच्यामुळेच मी म्हातारा होऊ शकलो. एरवी आमच्या जातीत म्हातारपण कोणाच्या वाट्याला येत नाही. मी एक खच्ची केलेला बोकड आहे. नवापुरात सुमेरमलशेठांचे किराणा दुकान आहे, त्याच्या ओसरीवर माझी नऊ वर्षे गेली. एवढ्या काळात मला माणसांचे काहीच नीट समजले नाही, हे आधीच सांगून टाकतो.

माझा जन्म डोंगरातल्या दलपतच्या झोपडीतला. त्याची बायको रमीबाई मला रानात नेई. बोरीचा पाला, बाभळीच्या शेंगा, बांधावरचे गवत, जे दिसेल ते मी ओरबाडत हिंडे आणि ओढ्याला पोटभर पाणी पिई. पायात काटा रुतला की ती मांडीवर घेऊन काढायची. मी लहान असतानाच दलपतने मला खच्ची केले. तसा बोकड शांत राहतो आणि अंगाने भरतो, असे म्हणतात. दुखले खूप. पण रमीबाईने हळद लावली, तेव्हा तिचे डोळे ओले होते.

आणि त्याच रमीबाईने वर्षभराने मला आठवड्याच्या बाजारात नेले, कापणाऱ्याला विकायला! मला वाटले, आपण फिरायला आलो आहोत. मी तिचा पदर चघळत उभा होतो.

तेवढ्यात शेठांच्या पत्नी जतनबाई तिथून चालल्या होत्या. ही मंडळी मारवाडातली, जैन. एका जिवाला अभय द्यायचे, असा त्यांचा संकल्प होता. त्यांनी मला विकत घेतले आणि कानात कडी घातली. कडीवाला बोकड अमर, त्याला कोणी कापायचे नाही, अशी त्यांच्यात रीत आहे. मी तर बुचकळ्यातच पडलो. ही बाई मला खाणार नाही, दूध मी देत नाही, ओझे मी वाहत नाही. मग मी हवा कशाला?

जतनबाईंनी माझे लाड मात्र असे केले की विचारू नका. शेठ स्वतः पोत्यातला निवडक गहू काढून देत. सकाळी गहू, दुपारी हरभरा, वर गुळाचा खडा. "खा रे लाडला, पेट भर खा," असे म्हणत त्या पाठीवरून हात फिरवत. मी गोल गरगरीत झालो. गिऱ्हाइके थट्टा करत, "पोट शेठचे मोठे की बोकडाचे?" मलाही ते कौतुक आवडे, खोटे कशाला बोलू?

मग चातुर्मास लागला. जतनबाई या चार महिन्यांत हिरवे पान तोडत नसत, खातही नसत. सूर्य बुडाल्यावर अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. या नेमाला ते चौविहार म्हणतात. आपल्याबरोबर या जिवालाही पुण्य लागावे, म्हणून त्यांनी मलाही तोच नेम लावला! सगळीकडे हिरवेगार झाले होते आणि मी दाव्याला बांधलेला, समोर गहू. दिवे लागायच्या आत माझे पाण्याचे घमेले उचलून पालथे घातले जाई. घशाला कोरड पडे. मी बें बें करी. "भजन करतो आहे," असे शेठ म्हणत.

श्रावणात एके दिवशी मला लघवीच होईना. पाठ वाकवून कण्हावे, तर एखादा थेंब. पोटात कळा येत. जतनबाईंना वाटले, अपचन झाले. त्यांनी ओवा दिला, तूप पाजले. काही उपयोग झाला नाही. शेवटी त्या माझ्या कानाशी नवकार मंत्र म्हणू लागल्या, आणि म्हणता म्हणता रडू लागल्या. अभय दिलेला जीव आपल्याच दारात मरणार, या विचाराने त्या पुऱ्या खचल्या होत्या. आणि मला कोडे पडले होते, की अमर म्हणतात ते हेच का?

दिवस कलता कलता रमीबाई मीठ घ्यायला दुकानावर आली. मला पाहताच तिने डोक्यावरची टोपली खाली टाकली.

"हाऊ मुतना का सकायपाईन?" हा सकाळपासून मुतला का, असे तिने बाजारात बोलायच्या अहिराणीत विचारले.

"नही ना, बाई! मी त याले रोज चांगला गहू खावाडस. मंग हाई काय व्हयनं?" जतनबाई म्हणाल्या.

"तेच चुकनं. खच्ची बोकडनी मुतानी वाट बारीक ऱ्हास. दाना जास्ती, पानी कमी, का तठे खडा अटकस."

तिने मला आडवे पाडले, चाचपले आणि वाटेच्या अगदी टोकाशी अडकलेला बाजरीएवढा खडा हलक्या हाताने दाबून बाहेर काढला. मी किंचाळलो. मग धार लागली. मित्रांनो, इतके सुख मला गुळानेही कधी दिले नव्हते.

"आते याले पानी पाजा, पाला खावू द्या," रमीबाई म्हणाली.

जतनबाई पडत्या उन्हाकडे पाहत राहिल्या. "चौमासामा हिरवा पाला कसा तोडू? आनि दिन बुडना का पानी? नेम शे मन्हा."

"तोडू नका. सोडी द्या, तो सोताच खाई. नेम तुम्हना शे, बोकडना नही."

सूर्य बुडाला. मग जतनबाईंनी घमेले सुलटे केले, पाणी गाळून त्यात ओतले आणि माझे दावे सोडले. मी घटाघटा प्यायलो आणि कुंपणावरची बोर ओरबाडायला धावलो.

त्या दिवसापासून दाणा सणासुदीला मूठभरच. दिवसभर पाला, गवत, आणि पाणी कायम समोर.

मला अजून उमजत नाही. जिने मला वाचवायला विकत घेतले, तिच्या लाडाने मी मरायला टेकलो. जी मला कापायला विकत होती, तिनेच मला वाचवले. यातले प्रेम कोणाचे, ते तुम्हीच ठरवा. माझी एकच विनवणी आहे. मुक्या जिवाला खाऊ घालण्याआधी, त्याला काय पचते, हे ज्याने तो वाढवला त्याला विचारा. खच्ची बोकडाला धान्याची रास नको, पाला आणि पाणी हवे.

भाद्रपदात संवत्सरी आली. या दिवशी जैन लोक साऱ्या जिवांची क्षमा मागतात. जतनबाईंचा निर्जळी उपवास होता, ओठ पांढरे पडले होते. संध्याकाळी त्या माझे पाणी घेऊन आल्या, घमेले खाली ठेवले आणि माझ्यासमोर हात जोडून म्हणाल्या, "मिच्छामि दुक्कडम्." माझे चुकले, क्षमा कर. मी घमेल्यात तोंड घातले. त्या मात्र मी पिऊन होईपर्यंत तशाच हात जोडून उभ्या राहिल्या.