उजवीकडचं हृदय

खरं सांगतो, हे लिहिणार नव्हतो. दोनदा टाइप केलं, दोनदा पुसलं. दुसऱ्याच्या घरातलं दुःख आपण कशाला चव्हाट्यावर आणायचं? पण वसंताच म्हणाला, "लिही."

तर वसंता गोजरबाईंच्या ओसरीत बसला होता, हातात मोबाइल धरून. गोजरबाई समोर तुरीच्या शेंगा सोलत होत्या.

"काय झालं रे? आल्यापास्नं नुसता फोन चोळून राह्यला. बोल की."

"बोलतो मावशी."

"मंग बोल. मुहूर्त काढायचाय का?"

आदिनाथ हा गोजरबाईंचा एकुलता एक, आणि वसंताचा जिवाचा दोस्त. गेल्या पावसाळ्यात अंबडहून येताना ट्रकनं त्याच्या मोटारसायकलला उडवलं, त्यात तो गेला. त्याआधी या दोघांनी कुंभार पिंपळगावात बसून शाळेच्या पोरांसाठी एक चॅनल काढलं होतं. शिकवणारं कुणी नव्हतं, सगळं बघून बघून शिकले. आदिनाथकडं मानवी शरीर, वसंताकडं थोरांची चरित्रं. वसंता मलिक अंबरापासून अहिल्याबाईंपर्यंत नुसती चित्रं दाखवायचा आणि मागून बोलायचा. कॅमेऱ्यासमोर यायचं म्हटलं की त्याला घाम फुटायचा. आदिनाथ त्याला चिडवायचा, "तू मेलेल्यायचं बघ, मी जित्यायचं बघतो."

आदिनाथचा सगळ्यात जास्त चाललेला धडा म्हणजे पांढऱ्या बनियनचा. अंगातल्या बनियनवर त्यानं स्केचपेननं हृदय, फुप्फुसं, यकृत असं सगळं काढलं होतं. नावं मात्र मुद्दाम लिहिली नव्हती. ती पोरांनी ओळखून व्हिडिओखाली लिहायची. स्वतःकडं बघत काढता यावं म्हणून फोन डब्याला टेकवला आणि पुढचाच कॅमेरा लावला. फोननं ते आरशात दिसतं तसं उलटं ठेवलं. बनियनवर एक अक्षर नाही, त्यामुळं कुणाच्या लक्षातच आलं नाही. हृदय गेलं उजवीकडं, यकृत आलं डावीकडं.

परवा तृप्ती नावाच्या एका मुलीनं त्या व्हिडिओखाली लिहिलं होतं, 'सर, तुमचं बघून चाचणीत हृदय उजवीकडं काढलं. सगळे मार्क गेले. मॅडम वर्गात म्हणाल्या, असल्या मास्तरांचं बघत जाऊ नका.'

असल्या मास्तरांचं. वसंताला रात्रभर ते टोचत राहिलं. पण गोजरबाई रोज सकाळी चूल पेटवली की हाच व्हिडिओ लावून बसतात, हेही त्याला माहीत होतं.

"मावशी, आदिनाथचा बनियनचा व्हिडिओ काढावा लागंल."

शेंग हातातच राहिली. "काढायचा म्हंजी?"

"पुसायचा. चूक हाये त्यात. पोरं चुकीचं शिकून राह्यली."

"कोण म्हणतं चूक? किती पुस्तकं धुंडून केल्ता त्यानं!"

"त्याची न्हाई, फोनची चूक. डाव्याचं उजवं झालंय."

"एवढंच ना? दुनियेत काय सगळं बराबर चालू हाये? ही एक चूक ऱ्हाऊ दे की माझ्यासाठी."

घरी वसंतानं व्हिडिओ सुलटा करून ठेवला होता. त्यानं तो लावला आणि फोन पुढं केला. गोजरबाईंनी पदराला हात पुसले.

"चला पोरांनो, हात ठेवा छातीवर," आदिनाथ म्हणाला.

गोजरबाईंनी फोन डोळ्यांजवळ नेला. मग स्क्रीनवर बोट टेकवलं.

"शेळीनं शिंग मारल्तं, ती खूण. डाव्या भुवईवर."

"हां."

"आन् भांग बी बराबर हाये." त्यांनी वसंताकडं पाहिलं. "वसंता, मी रोज बघत व्हते रे. रोज वाटायचं, लेकरू माझंच हाये, पन काहीतरी परकं लागतंय. कुणाला बोलले न्हाई. म्हणलं, मीच त्याचं तोंड इसरून राह्यले."

वसंतानं मान खाली घातली.

"पुस तो," त्या म्हणाल्या. "हा टाक. जल्दी टाक."

"मावशी, त्याच्याखाली आदिनाथनं पोरांला लिहिलेलं बी जाईल."

"मंग आधी वाच मला."

तो वाचत गेला. 'शाबास वाघा.' 'बराबर, पण फुप्फुसं दोन असतात, एक कुणाला देऊन आलास?' 'घाबरू नको, परत बघ, मी इथंच आहे.'

"बास," गोजरबाई म्हणाल्या.

त्यानं नवा टाकला आणि जुना पुसायला घेतला. फोननं विचारलं, नक्की? त्यानं दाबलं. लाखभर पोरांनी पाहिलेला धडा गेला. नव्याखाली शून्य.

दोघांनी तो शेवटपर्यंत पाहिला. शेवटी आदिनाथनं स्केचपेनला टोपण लावलं, "पुढच्या भागात किडनी. कुठं पळू नका," म्हणाला आणि अर्धवट हसत थांबला.

गोजरबाई चहा टाकायला आत गेल्या. आतून भांड्याचा आवाज आला.

वसंतानं फोन गुडघ्यावर उभा धरला.

"किडनी मी घेतो, आदिनाथ," तो हळूच म्हणाला. "तोंड दाखवून घेतो. मागच्या कॅमेऱ्यानं."