मुनीच्या वळणावर रडणाऱ्या गाड्या

या गोष्टीवर कोणाचा विश्वास बसणार नाही. मलेशियातल्या कॅमेरन हायलंड्सच्या डोंगरात एका वळणावर गाड्या रडत असत. माणसासारख्या, आणि तेही रक्ताचे अश्रू. ज्याला ही थाप वाटते त्याने आत्ताच उठून जावं; मध्येच उठलं की टेबलाला धक्का लागतो आणि सगळ्यांचा चहा सांडतो.

वळण म्हणजे मुनियांडीच्या, तिथल्या तमिळ लोकांच्या राखणदार देवाच्या, देवळाचं. खाली ओढा, ओढ्यापासून कोबीच्या मळ्यांमधून उभा चढ, आणि चढ संपतो तिथे मुनी. मिशा पिळलेल्या, हातात कोयता, ओठांत भक्तांनी खोचलेली चिरूट. मालकांपेक्षा वयाने मोठ्या असलेल्या जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह गाड्या धापा टाकत तिथवर यायच्या. शुक्रवारी तर रांग लागायची. गाडी थांबली की सगळे पुढच्या चाकांशी वाकत. थोड्या वेळाने चाकाच्या आतल्या अंगाने लाल ओघळ उतरायचा.

"रडली, वेलूची रडली," बायका म्हणायच्या आणि ओघळाला बोट लावून ते कपाळी टेकवायच्या.

या सगळ्याचे धनी होते देवळाचे पुजारी, चाकसामी. कमरेला पांढरीशुभ्र वेष्टी, म्हणजे लुंगीसारखं धोतर, गळ्यात रुद्राक्षांच्या मधोमध बेअरिंगची एक चकचकीत कडी.

"लोखंडालाही जीव असतो," सामी सांगायचे. "मुनीला दुखलं की तो चाकातून रडतो. डोळ्यांतून का नाही? गाडीचे डोळे म्हणजे दिवे. दिव्यांत पाणी गेलं तर बल्ब जातो. मुनी शहाणा आहे."

मुनीला गाण्याबजावण्याचंही अंग होतं. उलटा गिअर टाकताना खालून टक् झालं तर ते मुनीचं पैंजण. चालताना चिर्र चिर्र झालं तर मुनीची तान. चाकांना जोडणारा एक्सल घुमायला लागला तर साक्षात ओंकार. या संगीतात ग्रीसला जागा नव्हती. उपाय एकच: सामी चटईवर आडवे होऊन गाडीखाली शिरत आणि एक्सलवर एका ठरावीक जागी, जिला ते नाभी म्हणत, चंदन, विभूती, कुंकू कालवून जाडजूड टिळा थापत. मग चाकांना आतबाहेर कुंकू. दर शुक्रवारी नवा थर.

मरगदमच्या गाडीवर इतके थर चढले होते की नाभीचं वारूळ झालं होतं. नवरा गेल्यापासून डोंगरउतारावरची सगळी कोबी ती एकटी या गाडीतून खाली व्यापाऱ्याच्या शेडवर पोचवत होती. एका आठवड्यात भरल्या गाडीने उतरताना ब्रेक लागलेच नाहीत. तिने गाडी बांधावर घातली म्हणून वाचली. कपाळाला टेंगूळ घेऊन ती सामींकडे गेली.

"मुनीने तुझा नवरा नेला, आता गाडी मागतोय," सामी डोळे मिटून म्हणाले. "येत्या शुक्रवारी किल्ली त्याच्या पायाशी ठेव. नाही ठेवलीस तर पुढच्या वेळी बांध आडवा येणार नाही."

अशा वाहिलेल्या गाड्या काही दिवस देवळामागे उभ्या राहत, मग मुनी त्या घेऊन जाई. एक गाडी वेलूने इपोह शहरात नव्या रंगात पाहिली होती. मुनी तिकडे राहायला गेला असेल, असं म्हणून तो गप्प बसला. पण गाडी गेली की कोबी वर सडणार आणि मळा दुसऱ्याच्या हाती द्यावा लागणार, हे मरगदमला कोणी सांगायला नको होतं.

तिची विचारपूस करायला चान टीचर आल्या. जन्मभर शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या, मरगदमलाही त्यांनीच शिकवलेलं. त्यांची गाडी मरगदमच्या गाडीची जुळी बहीण शोभेल अशी, पण देवळापुढे कधी थांबायची नाही आणि रडायचीही नाही.

"सामी म्हणतात, तुमची श्रद्धा नाही म्हणून मुनी तुमच्याशी बोलत नाही," मरगदम कुकरमध्ये डाळ लावत म्हणाली.

"म्हणजे श्रद्धा नाही त्यांचे ब्रेक लागतात आणि श्रद्धा आहे ते बांधावर. छान आहे."

"चेष्टा करू नका, टीचर. परवा मला गाडी द्यायची आहे."

"दे ना. देण्याआधी एवढंच सांग, ती इथे दारात रडते?"

"नाही."

"ओढ्यापाशी?"

"नाही. चढ चढून वर गेल्यावरच. मुनी तिथेच आहे ना."

"आणि वर गेल्यावर एक्सलला कधी हात लावलास?"

"लावला की. चटका बसतो."

इकडे कुकर शिट्टी देईना. भोकात डाळीचं टरफल अडकलं असावं. वाफेला वरून वाट मिळेना, तेव्हा झाकणाच्या कडेने फसफसून पिवळं पाणी ओघळायला लागलं. मरगदमने गॅस बंद केला, केसातला आकडा काढला आणि कुकर निवायची वाट बघत उभी राहिली. उभी राहिली ती राहिलीच.

"टीचर," ती हळूच म्हणाली, "सामी नाभीला टिळा लावतात, तिथे भोक असतं का?"

"शाळेत तू इतक्या लवकर कधी उत्तर दिलं नव्हतंस," टीचर म्हणाल्या. "एक्सल तापला की आतली हवा फुगते. तिला बाहेर जायला वर एक बारीकसं, भोक असलेलं बोंड असतं. ते बुजलं की हवा तेलाला ढकलते, आणि तेल चाकाजवळच्या रबरी सीलमधून वाट काढतं. आता तूच सांग, चाकाच्या आत काय असतं?"

"ब्रेक," मरगदम म्हणाली आणि तिचा हात कपाळावरच्या टेंगळाकडे गेला.

शुक्रवारी तिने रिकामी गाडी मुंगीच्या पावलांनी वर चढवली. वळणावर गर्दी, ताटात कापूर, ताटामागे सामी. चाकातून लाल ओघळ उतरायला लागलाच होता.

"किल्ली, अम्मा."

"देते. आधी मुनीशी बोलते."

"मध्ये मी आहे ना."

"गाडी माझी, कोबी माझी, टेंगूळ माझं. मध्ये कोणी कशाला?" असं म्हणून ती सरळ गाडीखाली शिरली.

"बाईमाणसाने खाली जाऊ नये, विटाळ होतो," सामी ओरडले.

"बांधावर आदळले तेव्हा आत बाईमाणूसच होतं," खालून आवाज आला.

सामी तिला पायाला धरून ओढायला वाकले, आणि नेमक्या त्याच घडीला तिने आकडा टिळ्यात खुपसला. फुस्स. वाळलेल्या टिळ्याचं बूच सुटलं ते सामींच्या नाकावर बसलं आणि वेष्टीवर कुंकवाची रंगपंचमी झाली.

"मुनी शिंकला," गर्दीतून कोणी पुटपुटलं.

"मुनी नाही, हवा," मरगदम बाहेर येत म्हणाली. "चाक बघा."

ओघळ मंदावला, मग थांबला. तिने पदराने चाकावरचं कुंकू पुसलं, सीलला बोट लावून वर धरलं. बोटावरचं तेल मधासारखं पिवळं होतं. "रक्त कुठलं? कुंकू आपणच फासतो, तेल त्यावरून उतरतं. तेच तेल ब्रेकला लागतं आणि आपण दरीत जातो. वेलू अण्णा, तुझीही रडतेय ना? हा घे आकडा."

"शाप लागेल," सामी नाक पुसत म्हणाले.

वेलूने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा देवळामागच्या रिकाम्या जागेकडे. मग चटई ओढली आणि खाली गेला. फुस्स. त्याच्या मागची गाडी, फुस्स. रांग संपेपर्यंत मुनीच्या वळणावर पडशाची साथ आल्यासारखं वाटत होतं.

"एक शंका आहे, सामी," चान टीचर मागून म्हणाल्या. "एवढा लांबरुंद एक्सल, आणि टिळा त्या बोटभर बोंडावरच. हे बोंड गाडी खोलायचे पाने हातात धरणाऱ्यालाच माहीत असतं. तुम्ही कुठल्या गॅरेजमध्ये संन्यास घेतलात?"

सामींना त्याच वेळी मुनीने तातडीने बोलावलं. ते देवळामागून गेले ते परत आले नाहीत. बेअरिंगची कडी तेवढी कुंपणाला अडकून राहिली.

तेव्हा मंडळी, मुनीला खुशाल चिरूट द्या, त्याने कोणाचं वाकडं केलेलं नाही. पण गाडीखाली स्वतः वाका. हवेचं बोंड साफ करा. एक्सलचं बूच उघडून आत बोट घाला, तेल लागलं नाही तर भरा. एक्सल फिरवणाऱ्या शाफ्टच्या क्रॉसला, म्हणजे सांध्याला, ग्रीस द्या, पैंजण आणि तान दोन्ही बंद होतील. सील बदला, तेलकट झालेले ब्रेकचे लायनर फेकून द्या. आणि कोणी चमत्कार दाखवला की तो कुठे घडतो हे बघत बसू नका; कुठे घडत नाही, ते विचारा. भक्ती कितीही खरी असली तरी ब्रेक तिला ओळखत नाहीत. मरगदमने हे सगळं केलं, गाडी ठेवली, मळा राखला. आणि सांगतो, त्या दिवसापासून तिच्या गाडीने तेलाचा एक थेंब गाळलेला नाही.

"खोटं," मागच्या बाकावर चहा पीत बसलेली मरगदम म्हणाली. "गळते. आज सकाळीच पुठ्ठा घातला होता खाली, तळहाताएवढा डाग आहे. गळायची थांबली तर मी आधी बूच उघडून बघीन, आत तेल उरलंय का."