अकोला ते अकोला, व्हाया अमरावती

मला गिऱ्हाईकापुढे शहाणपण मिरवायची खोड आहे. बायको म्हणते, तुमचं काम चोख असतं, तोंड तेवढं घरी ठेवून जात जा. सत्तेचाळीस वर्षांत ते काही जमलेलं नाही, आणि या गोष्टीतला सगळा घोळ त्या खोडीपायीच झाला, हे आधीच कबूल करून टाकतो.

माझं नाव किशोर. अमरावतीत राहतो, ऑफिसांमध्ये राउटर बसवतो. राउटर म्हणजे ऑफिसातल्या सगळ्या कॉम्प्युटरांना बाहेरच्या जगाशी जोडणारा डबा. तो लोकांना फक्त बंद पडल्यावर आठवतो. मग मीही आठवतो, शिव्यांसकट.

अकोल्याच्या एमआयडीसीत शकुनताईंची डाळगिरणी आहे आणि अमरावतीत त्यांचं गोदाम. दोन्हीकडे राउटर मीच बसवले होते, नऊ वर्षांपूर्वी. तांब्याच्या तारेवरची संथ लाइन तेव्हा पुरायची. मागच्या वर्षी ताईंनी दोन्हीकडे फायबर घेतलं. डबे मात्र बदलायचे नव्हते. अशा राउटरच्या पाठीला एक रिकामी खाच असते, तिच्यावर पत्र्याची पट्टी असते. पट्टी काढायची, वेगवान लाइनचं कार्ड आत सरकवायचं, फायबर जोडायचं, काम संपलं. हे मी डोळे मिटून करतो, असं मी सगळ्यांना सांगत असतो.

सप्टेंबरमध्ये मी अकोल्याला पाहणी करायला गेलो, तेव्हा पट्टी काढून खाच तपासली. स्वच्छ होती. शेजारी गिरणीतले शिपाई जानराव उभे होते. अठ्ठावन्नचं वय, ऑफिसच्या किल्ल्या त्यांच्याकडे, आणि राउटरवरची धूळ नऊ वर्षं तेच पुसत आलेले.

"किशोरभाऊ, हे भोक कायले ठेवलं?" त्यांनी विचारलं.

आता इथे मी सरळ उत्तर देऊन गप्प बसायला हवं होतं. पण मी पट्टी परत लावता लावता म्हणालो, "जानरावभाऊ, तुमच्या गीतांजलीची बोली याच भोकातून अमरावतीले जाईन."

जानराव हसले नाहीत. त्यांनी त्या खाचेकडे नीट पाहून घेतलं.

गीतांजली त्यांची मुलगी. जन्मापासून ऐकू येत नाही. सहा वर्षांची असताना त्यांनी तिला अमरावतीच्या कर्णबधिर शाळेच्या वसतिगृहात ठेवलं. तिथे ती हातांची भाषा शिकली, दहावी झाली आणि परत येऊन गिरणीत लागली, प्रतवारीला. ताटलीत मूठभर तूर पसरायची, भिंग लावायचं, चिमट्याने दाणे बाजूला करायचे. किडका, भिजलेला, मागच्या सालातला मिसळलेला, सगळं तिला दिसतं. शकुनताई म्हणतात, अशी नजर गिरणीत दुसऱ्या कुणाला नाही. जानरावांना मात्र तिची भाषा येत नाही. घरात त्यांच्या वीस-पंचवीस खुणा आहेत. जेव, ये, ताप आला का, उशीर झाला. त्यापलीकडचं काही चिठ्ठीवर लिहावं तर ते अडखळत वाचतात, आणि चिठ्ठीवर माणूस लिहून लिहून किती लिहिणार?

दोन्ही ठिकाणच्या प्रतवारीवर मुख्य म्हणून ताईंना गीतांजलीला नेमायचं होतं. पण मुख्याला रोज तीन वाजता व्हिडिओवर अमरावतीच्या गोदामाशी बोलावं लागतं. तिकडे रागिणी नावाची मुलगी हिशेब पाहते. तिचा भाऊ गीतांजलीच्याच शाळेत होता, म्हणून तिला हातांची भाषा येते. इकडे गीतांजलीने हात हलवायचे, तिकडे रागिणीने ते तोंडाने सांगायचं, अशी सोय. पण जुन्या लाइनवर चित्र अडकायचं. हात अर्ध्यावर थिजायचे, मधली खूण गळून जायची आणि "घेऊ नका"चं "घ्या" व्हायचं. दोन चाचण्या अशाच वाया गेल्या. मोबाईलचं म्हणाल तर त्या पत्र्याच्या शेडमध्ये रेंजची एक दांडीही येत नाही.

जानेवारी उजाडला, नवी तूर आली. ताईंनी मला फोनवर स्पष्ट सांगितलं, "किशोर, आता मी थांबू शकत नाही. शुक्रवारी तीन वाजता शेवटची चाचणी. नाही जमलं तर गोपालले मुख्य करीन." गोपाल म्हणजे अमरावतीचा गोदामवाला. माणूस भला, बोलायला पक्का, नजर बेताची.

गुरुवारी मी अमरावतीचं कार्ड बसवलं. वीस मिनिटांत हिरवा दिवा. शुक्रवारी अकोल्याला पोचलो आणि एक वाजता जेवणाची सुट्टी झाल्यावर राउटर बंद केला. नऊ वर्षांत तो पहिल्यांदा बंद होत होता. जानरावांनी त्याला हात जोडले. मी पट्टी काढली, कार्ड सरकवलं, स्क्रू आवळले आणि राउटर चालू केला.

दिवा लागला नाही.

मी कार्ड काढून पुन्हा बसवलं. राउटर सुरू व्हायला सात मिनिटं घेतो, ती सात मिनिटं मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत काढली. दिवा नाही. तिसऱ्यांदा जरा जोर लावला. आतून कच्च असा बारीक आवाज आला. मग मी कार्ड विकणाऱ्याला शिव्या घातल्या, अकोल्याच्या विजेला घातल्या, उन्हाला घातल्या. जानेवारीत ऊन कुठलं, पण घातल्या.

पावणेदोन वाजले होते. जानराव भिंतीला टेकून उभे होते आणि त्यांचा चेहरा उतरला होता. मला वाटलं, पोरीच्या काळजीने.

शेवटी मी ते केलं जे सगळ्यात आधी करायला हवं होतं. चष्मा लावला, बॅटरी घेतली आणि खाचेत पाहिलं. आत कडेला पिवळं आणि लाल लागलेलं होतं. हळद आणि कुंकू. आणि खोल मागे, जिथे कार्ड टेकतं त्या बारीक पिनांच्या रांगेत, तांदळाचे दाणे.

"हे कुणी केलं?" मी ओरडलो. "आतमध्ये अक्षता? ही काय देव्हाऱ्यातली घंटा आहे का? अक्कल गहाण ठेवली का कुणी?"

जानराव पुढे आले. "मी टाकल्या, किशोरभाऊ."

"तुमी? काहून पण?"

"दसऱ्याले समद्या मशिनी पुजतो न आमी. याले बी पुजतो, दर साली, वरून. पण औंदा तुमी सांगतलं होतं न, का गीतांजलीची बोली याच भोकातून जाईन म्हणून. मंग म्या म्हटलं, वरून लावलेलं कुंकू वरच रायते. नाण्यानं पट्टी खोलली, आत अक्षता वायल्या, पट्टी जशीच्या तशी लावली." ते थांबले. "माह्या हातानंच इस्कोट झाला काय, भाऊ?"

ते वाक्य माझंच होतं. मी ते सहज फेकून बसने घरी निघून गेलो होतो आणि या माणसाने ते मनात जपून ठेवलं होतं. मला माझीच भयंकर लाज वाटली. "इस्कोट काही झाला नाही," मी म्हणालो, "काढू ना." पण त्यात माझाच मला भरवसा नव्हता. माझ्या बोटांना तेवढं बारीक काम आता जमत नाही, चष्मा लावूनही पिना दुहेरी दिसतात. मी स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने एक दाणा उकरायला गेलो, तर तो आणखी आत गेला.

तेवढ्यात कुणीतरी माझा हात धरून बाजूला केला. गीतांजली जेवून आली होती. तिने माझ्या हातातली बॅटरी घेतली, खाचेत पाहिलं, मग आपल्या टेबलाकडे जाऊन भिंग, चिमटा आणि ताटली घेऊन आली. मी राउटरची वायर काढली आहे ना, हे तिने खुणेनेच विचारून घेतलं. मी मान हलवली आणि बॅटरी धरून उभा राहिलो. इतक्या वर्षांच्या धंद्यात मी पहिल्यांदाच कुणाचा तरी हेल्पर होतो.

पहिला दाणा बाहेर आला. लाल माखलेला. तिने तो भिंगाखाली धरला, बोटाने कुंकू पुसून पाहिलं आणि मान वळवून बापाकडे बघितलं. जानरावांनी खाली पाहिलं. ती पुन्हा कामाला लागली.

अकरा दाणे निघाले आणि एक अर्धा. अर्ध्याने वीस मिनिटं खाल्ली. मी जोर लावून चिरडलेला तोच, दोन पिनांमध्ये बसलेला. एक पिन जराशी वाकली होती. गीतांजलीने चिमट्याचं टोक तिच्याखाली घालून ती हळूच सरळ केली. मग तिने कोरड्या ब्रशने सगळी खाच झाडली आणि सवयीप्रमाणे ताटलीत चिठ्ठी लिहून ठेवली. "तांदूळ. जुना. तुकडा मिसळ. नापास." मी खदखदून हसलो. जानरावांना ती वाचायला वेळ लागला, मग तेही हसले, पण डोळे पुसत.

अडीच वाजता कार्ड बसवलं. या वेळी ते आत जाताना कुठेही अडलं नाही. सात मिनिटं. जानरावांनी हात जोडले नाहीत, ते मुठी आवळून उभे होते.

दिवा हिरवा झाला.

तीन वाजता शकुनताई येऊन खुर्चीवर बसल्या. पडद्यावर अमरावतीचं गोदाम आलं, रागिणी आणि तिच्यामागे गोपाल. चित्र असं स्वच्छ, की मागच्या पोत्यांवरचा शिक्काही वाचता येत होता. गोपालने आज आलेल्या तुरीची मूठ कॅमेऱ्यासमोर धरली. गीतांजली पुढे वाकली. दाणे पालटायला सांगितलं, परत पालटायला सांगितलं. मग तिचे हात सुरू झाले आणि मला कळलं, की ही मुलगी भरभर बोलणारी आहे. आजवर आम्ही सगळे तिला सावकाश समजत होतो. सावकाश आमची लाइन होती.

"वरचा माल चांगला आहे," रागिणीचा आवाज स्पीकरमधून आला, हातांच्या जोडीने, कुठेही न अडकता. "खालचा भिजवून वाळवलेला आहे. दाण्याच्या टोकाला सुरकुती आहे, पहा. गोपालदादा, पोत्याच्या तळातून काढून दाखवा."

गोपालने पोत्यात खांद्यापर्यंत हात घालून तळातली मूठ काढली. सुरकुत्या आम्हालाही दिसल्या. तो मोकळेपणाने म्हणाला, "ताई, मले हे दिसलंच नव्हतं. पोरीलेच द्या हे काम."

"दिलं," शकुनताई म्हणाल्या. "उद्यापासून दोन्हीकडची प्रतवारी गीतांजली पाहील." रागिणीने ते पडद्यावर हातांनी सांगितलं, हसत हसत. ताई उठल्या, गीतांजलीच्या पाठीवर हात ठेवला आणि गिरणीत गेल्या.

मी अवजारं आवरायला लागलो. पण गीतांजली उठली नाही. तिने जानरावांची बाही धरून त्यांना शेजारच्या खुर्चीवर बसवलं, कॅमेऱ्यासमोर, आणि हात हलवायला लागली. रागिणी पडद्याजवळ सरकली. मग म्हणाली, "जानरावकाका, हे तुमच्यासाठी आहे. ती जसं म्हणून राहिली, तसंच सांगते."

"बाबा, अक्षता तू टाकल्या, हे मले पहिल्या दाण्यालेच समजलं. मले राग नाही आला. पण मले लहानपणापासून एक विचाराचं होतं. वसतिगृहात सोडून चालला तवा तू फाटकापाशी रडत होता. मले वाटलं, माह्या हातून काही चुकलं, म्हणून तू मले सोडून चालला. तू काहून रडत होता?"

जानराव स्पीकरकडे पाहत राहिले. चार फुटांवर बसलेल्या लेकीचा प्रश्न शंभर किलोमीटर जाऊन, तितकाच परत येऊन त्यांच्यापर्यंत पोचला होता. त्यासाठी वीस वर्षं लागली होती. त्यांनी तोंड उघडलं आणि त्या काळ्या स्पीकरलाच उत्तर द्यायला लागले.

माझ्या ओठांवर एक शहाणपणाचं वाक्य आलं होतं. मी ते गिळलं. जानरावांचे खांदे धरून त्यांना हळूच गीतांजलीकडे वळवलं आणि एवढंच म्हणालो, "तिच्याकडे पाहून बोला, भाऊ. रागिणी सांगते तिले."

"तुले सोडू वाटत नव्हतं, बाई," जानराव म्हणाले. "तुले शिकवायचं होतं, पण सोडू वाटत नव्हतं. तुह्यं काहीच चुकलं नव्हतं. काहीच नाही." आणि गीतांजलीने पडद्यावरचे रागिणीचे हात शेवटपर्यंत पाहिले, एकही खूण न गळता.