दोन बोटं वळवलेला आरसा

मी वळणावरचा आरसा बोलतोय. बोलतोय म्हणजे बोलायला लावलंय. मला बोलायची हौस नाही. आरशाचं काम दाखवायचं. ज्याला डोळे आहेत त्यानं बघावं. पण माणसांनी माझ्याबद्दल इतकं वाट्टेल ते बोलून ठेवलंय की आता गप्प बसलो तर तेच खरं ठरेल.

मी तोंड बघायचा आरसा नाही. माझ्यात बघून कुणी कुंकू-पावडर केली नाही. मी फुगीर, गोल, केशरी खांबावरचा. गावाकडून येणारी गल्ली जिथं डोंगरातल्या मोठ्या रस्त्याला मिळते, तिथं मला उभं केलं. वरून उतरणारी गाडी गल्लीतल्या माणसाला दिसत नाही, मध्ये चहाच्या मळ्याचा उतार येतो. ती मी दाखवायची. एवढंच काम. पण वादळात, धुक्यात, उन्हात एक दिवस चुकवलं नाही. कोळ्यानं तोंडावर जाळं विणलं तरी त्याच्यातून दाखवत राहिलो.

इतकी वर्षं माणसं बघून एक गोष्ट कळली. ती आरशात बघत नाहीत, आरशाला नुसतं विचारतात, "कुणी आहे का रे?" काही हललं नाही की निघाली. मी काय दाखवतोय हे कोण निरखून बघतो? रोजच्या ओळखीचा म्हटल्यावर भरवसा ठेवतात. मला त्या भरवशाचा अभिमान होता, खोटं कशाला सांगू.

मग माझ्यासमोर एक नवं घर झालं. त्यात बदकं पाळणारा एक म्हातारा आणि त्याची बायको राहायला आली. बाई खोकायची. खोकून खोकून ओट्यावर बसायची. औषधं झाली, काढे झाले. मग कुणा जाणत्यानं येऊन दाराची दिशा बघितली आणि बोट दाखवलं माझ्याकडे. "हा बघा. चोवीस तास तुमच्या घरावर डोळा रोखून बसलाय. येणारं सगळं वाईट हाच तुमच्या दारात फेकतोय."

मी? मी साधी उदबत्ती कुणाच्या दारात फेकली नाही कधी.

दुपारी सगळा गाव जेवून लवंडला होता. म्हातारा शिडी घेऊन आला. पान्ह्यानं माझा बोल्ट सैल केला, मला दोन बोटं वळवलं आणि पुन्हा आवळला. हात जोडून म्हणाला, "रागावू नकोस बाबा, बायको माझी एकच आहे." तेव्हा मला त्याची कीवच आली. बायकोसाठी माणूस काय करत नाही? पण मेल्या, गावात एका शब्दानं सांगायचं तरी!

मला रस्ता दिसेना. दिसायला लागली ती चहाची झुडपं. हिरवी, गप्प, मोकळी.

दोनच दिवसांनी पूर्वजांची थडगी साफ करायचा सण आला. गल्लीतून गावातल्या ल्याओ कुटुंबाची गाडी आली. चालवत होती त्यांची सून अ-खिम. शेजारी सासूबाई, मांडीवर नैवेद्याची अख्खी उकडलेली कोंबडी. मागे सासरे आणि दोन पोरी, फुलं, कोयते, झाडू. अ-खिमनं गाडी थांबवली, मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. नीट बघितलं. मी साक्षीदार आहे.

मी तिला झुडपं दाखवली. दुसरं होतंच काय माझ्याकडे? आरशाला ओरडता येत नाही. वरून मोटारसायकलीचा आवाज येत होता, तो मला ऐकू येत होता. गाडीच्या काचा बंद होत्या, आत पोरी गात होत्या.

गाडी निघाली आणि मोटारसायकल येऊन आदळली. पुढचा पत्रा चुरगळला, गाडी अर्धी फिरली. चालवणारा पोरगा उडून चहाच्या झुडपांत पडला. कोंबडी रस्त्यावर घरंगळत गेली.  मग सगळे एकदम रडायला लागले.

"बघून चालवता येत नाही का गं तुला?" सासूबाईंच्या कपाळातून रक्त येत होतं, तरी आवाज खणखणीत.

"बघितलं आई! आरशात बघितलं मी. रस्ता मोकळा होता."

पोलीस आला. तिच्या जागी उभा राहून त्यानं वर बघितलं. "बाई, ह्यात रस्ताच दिसत नाही. चहाची झाडं दिसतात."

"खरंच बघितलं असतं तर आरसा फिरलाय हे कळलं नसतं का हिला?" गर्दीतलं कुणीतरी बोललं. "फोनवर असेल."

बदकवालाही गर्दीत होता. हात पाठीमागे बांधलेले. पोलिसानं विचारलं, "आरसा कसा काय फिरला?" तेव्हा तो पुढे होऊन म्हणाला, "वाऱ्यानं फिरला असेल, साहेब. जुनाट आहे तो. कधीचा कामातून गेलाय."

कामातून गेलाय! बोल्टावर पान्ह्याचे ताजे ओरखडे होते. कुणी वर चढून बघितलं नाही.

मला उतरवलं. नवा चकचकीत आरसा बसवला. भंगारात जायचो, पण अ-खिमच्या सासऱ्यांनी रस्तेवाल्यांकडून मला मागून घेतलं आणि त्यांच्या अंगणाच्या फाटकावर टांगलं. का, ते बोलले नाहीत. तो माणूस बोलतच नाही फारसा.

तिथून मी अ-खिमला रोज बघत होतो. तिनं गाडीची किल्ली सोडून दिली होती. पोरींना बसनं पाठवायची. कपडे वाळत घालताना माझ्यासमोर थांबायची, मान वर करायची, खाली करायची, पुन्हा वर. एकदा पुटपुटली, "बघितलं होतं ना मी?" आता तिचाच तिच्यावर भरवसा उरला नव्हता. माझ्या अंगावर पोचा पडला तेव्हा झालं नाही इतकं दुःख मला त्या दिवशी झालं.

मग तो मोटारसायकलवाला आला. पो-युआन त्याचं नाव. कुबड्या घेऊन, आईला घेऊन, फळांची पेटी घेऊन. अंगणातच वाकला. "फार जोरात होतो मी, ताई. चूक माझी आहे."

सासूबाई कडक. "चूक कळायला पाय मोडावा लागला होय रे?" पण आतून शेवया आणि डुकराच्या पायांचा रस्सा घेऊन आल्या. घात टळला की करतात तो. पोराच्या हातात वाडगा दिला. "खा. इडापिडा जाऊ दे."

अ-खिमनं वाडगा हातात धरून ठेवला होता. म्हणाली, "एक विचारू? मी वर बघत होते, ते तू बघितलंस का?"

"म्हणजे काय ताई! वरच्या वळणावरून खाली तुमची गाडी क्षणभर दिसली. तुम्ही मान वर करून आरशात बघत होतात. म्हणून तर मी वेग कमी केला नाही. वाटलं, तुम्हाला मी दिसलोय."

 सासूबाईंनी स्वतःच्या वाडग्यातला मांसाचा मोठा तुकडा उचलला आणि सुनेच्या वाडग्यात ठेवला. "गार होतंय," म्हणाल्या. त्या घरात ह्याच्यापेक्षा मोठी माफी कुणी मागितलेली मी बघितली नाही. अ-खिम जेवता जेवता रडली. दुसऱ्या आठवड्यात तिनं गाडी काढली. फाटकाशी थांबते, माझ्यात बघते, तरी काच खाली करून कानही देते. शहाणी आहे.

मी आता म्हातारा झालोय. कडेला गंज चढलाय, पोरी माझ्यात बघून जीभ काढतात. माझी तक्रार नाही. गाडी चालवणाऱ्यांनो, एवढंच करा. आरशाला नुसतं विचारू नका, त्याच्यात बघा. तो काय दाखवतोय ते बघा.

राहता राहिला एक माणूस. त्यानं आता स्वतःच्या दारावर आठकोनी छोटा आरसा लावलाय, नव्या आरशाची नजर परतवायला. हे आधी सुचलं असतं तर! बायकोचा खोकला आहे तसाच आहे. रोज सकाळी बदकांसाठी कोबी घेऊन तो ह्या फाटकावरून जातो आणि मान खाली घालतो. अ-खिम त्याला "काका, चहा घेता का?" विचारते, तिला काही ठाऊक नाही. तो म्हणतो, "नको, नको," आणि पाय उचलतो.

बाबा रे, एकदा थांब. आधी तिच्याकडे माफी माग, मग माझ्याकडे वर बघ. बाकी सगळ्यांनी मागितली. राहिलास तू एकटा, लाय फू-शेंग.