उजव्या बांबूवरची दुसरी जागा

बेलारमो कुटुंबाच्या वकिलाने टेबलावर एकावर एक सोळा पुस्तिका रचल्या. क्रिस्पुलो मास्तरांनी त्या मागच्या बाकावरूनच ओळखल्या. तालाहिबन गावच्या जत्रेच्या पुस्तिका होत्या त्या. वर शेतकऱ्यांचा संत सान इसिद्रो, आत समितीचे फोटो, खताच्या आणि शिवणयंत्रांच्या जाहिराती, आणि तिसऱ्या पानावर ‘आपल्या गावाचा अल्प इतिहास’. सोळाही वर्षं तो इतिहास मास्तरांनी लिहिला होता.

वकिलाने सावकाश वाचलं. “डॉन फाउस्तिनो बेलारमो यांनी उदार अंतःकरणाने स्वतःची जमीन आपल्या गावाच्या पूर्वजांना कसायला दिली, आणि तिथून तालाहिबनचा उदय झाला.” मग पुस्तिका मिटून तो अधिकाऱ्याला म्हणाला, “गावाचीच कबुली आहे, साहेब. आम्ही वेगळं काय सांगायचं?”

जमीन कचेरीतल्या अधिकाऱ्याने ते पान स्वतः वाचून पाहिलं. “हे लिहिणाऱ्याला पुढच्या गुरुवारी हजर करा,” तो म्हणाला. “आणि गावाकडे याच्या उलट सांगणारा एखादा कागद असेल तर तोही आणा.”

जमीन बेलारमोंची ठरली, तर ती विकली जाणार होती. घेणाऱ्याला तिथे बंगल्यांचे प्लॉट पाडायचे होते. ज्या भातखाचरांत गावाच्या चार पिढ्यांचे पाय बुडाले, तिथून गावाने उठायचं होतं.

परतताना सगळे एकाच जीपमध्ये होते. अर्ध्या वाटेवर तेबान मास्तरांकडे वळला. पाणी वाटपाची पाळी सांभाळणारा हा माणूस, एरवी मास्तरांची पेटी उचलून द्यायचा.

“मास्तर, मी तिसरी नापास. मला एवढंच समजावा. ‘उदार’ म्हणजे काय?”

मास्तरांनी छत्री मांडीवर आडवी घेतली.

“नाही, म्हणजे माझ्या आज्याने हाताने तालाहिबचं धारदार गवत उपटलं, दोन बोटं गमावली. तर उदार कोण, आजा का गवत?”

कोणीतरी हसलं. ते हसणं मास्तरांना शिवीपेक्षा जास्त लागलं.

खरी हकीकत गावात सगळ्यांना पाठ होती. सन १९०८ मध्ये आठ बैलगाड्या आल्या. पाच इलोकोसकडच्या, दोन पांगासिनानच्या मीठ विकणाऱ्यांच्या, आणि एक तागालोग सुताराची. म्हणून ओढ्याच्या पूर्वेला अजून इलोकानो बोलतात, पश्चिमेला तागालोग, आणि कारल्यात मासळी कधी घालायची यावरून दोन्हीकडच्या सुनांचं आयुष्यभर जमत नाही. डॉन फाउस्तिनो आला तेरा वर्षांनी, मोजणीदार आणि शिक्क्याचा कागद घेऊन. तोवर पाट खणून झाले होते.

पहिल्या वर्षी मास्तरांनी हेच लिहिलं होतं. समितीच्या अध्यक्षांनी पान परत आणून दिलं होतं. “सुरेख आहे, मास्तर. पण ब्रास बँड बेलारमो देणार, मागचं अख्खं पान त्यांच्या जाहिरातीचं. एक गोड वाक्य घाला ना. कोण वाचतं?”

ते खरंच होतं. गावात त्या पुस्तिकेत सुकट गुंडाळत. मास्तरांनी वाक्य घातलं, आणि छापलेल्या पानावर आपलं नाव पाहून त्यांना दोन दिवस जेवण गोड लागलं. पुढे दरवर्षी तेच वाक्य थोडं फिरवून यायचं. बेलारमोंच्या शहरातल्या घरी मात्र प्रत्येक पुस्तिका कपाटात जपून ठेवली जाते, हे कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

हातात सहा दिवस होते. पहिल्या मसुद्याची पानं त्यांनी शाळेच्या कपाटात ठेवली होती. वादळात छप्पर उडालं त्या वर्षी कपाटाचा लगदा झाला होता. पाद्र्याने बाप्तिस्म्याची वही काढून दाखवली. ती १९३० पासूनची. आधीचं देऊळ वह्यांसकट जळलं होतं.

उरलं कब्रस्तान. डॉन फाउस्तिनोच्या आधीचं एखादं साल शोधत मास्तर दोन दुपारी कबरींमधून वाकून फिरले. पण तालाहिबनमध्ये जागा कमी. नवा माणूस गेला की जुन्याची हाडं पोत्यात भरून नव्याच्या पायाशी ठेवायची आणि वर नवीन फरशी बसवायची, ही रीत. जुन्या फरश्या कुठे गेल्या, हे त्यांना ठाऊक होतं. एक तर त्यांच्याच मोरीत होती, घासून गुळगुळीत झालेली. त्यांनी ती पालथी केली, नखांनी खरवडली. दोन आकडे लागले, एक आणि नऊ. पुढचे नव्हते.

मास्तर गुडघ्यांवर बसून तिसरा आकडा खरवडत राहिले. त्यांची बहीण दारात येऊन म्हणाली, “कपडे कशावर धुवू आता?” तेव्हा कुठे त्यांनी फरशी परत ठेवली.

गुरुवारी मास्तर कचेरीत उभे राहिले.

“मी खोटं लिहिलं,” ते म्हणाले. “बेलारमो शेवटी आले.”

“शेवटी म्हणजे?” अधिकाऱ्याने विचारलं.

“मिरवणुकीत बघा, साहेब. संताची पालखी दोन बांबूंवर असते. चार खांदे एकेका बांबूला. पहिली गाडी डावीकडे पुढे, दुसरी उजवीकडे पुढे, तशी आठ घरं. जो ज्या क्रमाने आला तो त्या जागी. बाकीचे मागे मेणबत्ती घेऊन. नवव्या जागी बेलारमो, दहाव्या जागी गिरणीवाले चिनी. डॉन फाउस्तिनोंनी संताला चांदीचा मुकुट दिला, तरी बांबूला हात लावू दिला नाही कोणी.”

अधिकाऱ्याने लेखणी उचलली होती. वकील हळूच उठला.

“मास्तर, ही रीत कुठे लिहून ठेवलीय?”

“नाही.”

“तुम्ही सोळा वर्षं इतिहास लिहिलात. हे नाही लिहिलंत?”

“नाही.”

“खोटं लिहायला कोणी मारहाण केली?”

“नाही. बँड होता.”

“बँड.” वकिलाने आवाज चढवला नाही. “साहेब, या गृहस्थांनी बँडसाठी खोटं लिहिलं म्हणतात. आज जमिनीसाठी काय बोलत असतील, ते आपणच ठरवा.”

अधिकाऱ्याने लेखणी खाली ठेवली. माणूस वाईट नव्हता. “मला तुमचं म्हणणं पटतंय, मास्तर,” तो म्हणाला. “पण निकालात मी काय जोडू?”

एप्रिलच्या शेवटी निकाल आला. जमीन बेलारमोंची. उभं पीक काढून घ्यावं, सहा महिन्यांत घरं हलवावीत.

मास्तरांनी घराबाहेर पडणं बंद केलं. बहीण भात आणि सुकट समोर ठेवी, तसंच उचलून नेई. पंधरा मे, जत्रेचा दिवस, उजाडला. या वर्षी बँड नव्हता, पुस्तिकाही नव्हती. देवळासमोर माणसं जमल्याचा आवाज येत होता. मास्तर खिडकी लावून बसले. चौथी गाडी त्यांच्या आज्याची. उजव्या बांबूवरची दुसरी जागा त्यांची होती, आणि तिथे उभं राहायला त्यांना तोंड नव्हतं.

दार कोणी वाजवलं नाही, सरळ उघडलं. पुरिंगताई, पहिल्या गाडीच्या घरातली, ऐंशीची म्हातारी, काठी टेकत आत आली.

“ऊठ, क्रिस्पुलो.”

“मी नाही येत, पुरिंगताई. माझ्या जागी तेबानच्या मुलाला उभं करा.”

“तेबान पाचव्या गाडीचा. त्याचा मुलगा चौथ्या जागी कसा उभा राहील?”

“मग रिकामी ठेवा.”

“संत एका बाजूला कलतो,” ती म्हणाली. “तुला कोणी माफ केलं म्हणून नाही आले मी. गावात तुझ्याशी कोणी बोलणार नाही, मीही नाही. पण पुढच्या वर्षी हा रस्ता आपला नसेल. या वर्षी तरी माणसं आपापल्या जागी पाहिजेत.”

मास्तर चालत निघाले, ती मागे. देवळासमोर सात खांदे तयार होते आणि पालखी खरोखरच उजवीकडे झुकली होती. तेबानने त्यांच्याकडे पाहिलं नाही. नुसता अर्धं पाऊल सरकला. मास्तरांनी बांबूखाली खांदा घातला. वजन एकदम हाडावर आलं. मागे मेणबत्त्या पेटल्या. बेलारमोंच्या नवव्या जागी यंदा कोणी आलं नव्हतं, तरी गिरणीवाले तेवढी जागा सोडूनच उभे राहिले.